शेतकऱ्याच्या घराण्याचा इतिहास
(पुणे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पुणे शहरात घराण्यांच्या इतिहासाला तोटा नाही. पेशवे दफ्तरात रुमालांवर रुमाल बांधून ठेवलेले आहेत. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने सरदार-दरकदारांच्या वाड्यांतून कागदांची गाठोडी जमवली. अनेक कुळांनी आपापले कुलवृत्तान्त छापले आणि त्यांत पंधरा-पंधरा पिढ्यांच्या वंशवेली दिल्या. परंतु या शहराच्या वेशीबाहेर दोन-तीन कोसांवर जाऊन एखाद्या कुणब्याच्या घरी वंशवेल विचारावी, तर ती बहुधा पणजोबांच्या नावापाशी थांबते. पणजीचे नाव तर कोणालाच आठवत नाही.

यावरून त्या घराला इतिहासच नाही, असा निष्कर्ष काढण्याची चूक आजवर पुष्कळ विद्वानांनी केली. वस्तुस्थिती निराळी आहे. त्या घराचा इतिहास लिहिला गेला आहे, आणि तो चांगला तपशीलवार आहे. मात्र तो त्या घराने लिहिलेला नाही. तो महसूल खात्याने लिहिला, सावकाराने लिहिला आणि दिवाणी कोर्टाने लिहिला. ज्याला त्या घराकडून काही वसूल करायचे होते, त्यानेच त्या घराची नोंद ठेवली. म्हणूनच या इतिहासात धारा सापडतो, कर्ज सापडते, जप्ती सापडते. माणसे मात्र शोधावी लागतात.

असा शोध घेणे हे केवळ इतिहासप्रेमींचे काम नाही. शेतीच्या प्रश्नावर काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याचे ते काम आहे. ते का, हे पाहण्यासाठी पुण्याच्याच एका गावापासून प्रारंभ करणे सोयीचे होईल.

१९०७ साली हॅरॉल्ड मॅन हे इंग्रज शास्त्रज्ञ पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य म्हणून आले. ते मूळचे रसायनशास्त्रज्ञ. पण पीक का येत नाही याचा शोध मातीत घेता घेता तो माणसांच्या हिशेबात घ्यावा लागतो, हे त्यांच्या लौकर ध्यानात आले. पवना नदीकाठच्या पिंपळे सौदागर या गावाची त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह घरोघर पाहणी केली, आणि १९१७ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. एका हिंदी खेड्याचा इतका बारकाईने केलेला आर्थिक अभ्यास त्यापूर्वी क्वचितच झाला होता. पुढे १९२१ साली शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा तसाच अभ्यास त्यांनी व ना. वि. कानिटकर यांनी प्रसिद्ध केला.

पिंपळे सौदागरच्या अभ्यासाचे वैशिष्ट्य असे, की मॅन यांनी जुने सरकारी कागद काढून जमिनीच्या खात्यांचा हिशेब थेट पेशवाईपर्यंत मागे नेला. १७७१ साली गावातील खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ साली, म्हणजे पेशवाई बुडाली त्या वर्षी, ही सरासरी साडेसतरा एकरांवर आली होती. १८२० ते १८४० या काळात ती १४ एकर झाली, आणि १९१४-१५ मध्ये अवघी ७ एकर उरली. त्या वेळी गावात १५६ खातेदार होते आणि त्यांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत विखुरलेली होती. त्यांतील निम्म्याहून अधिक तुकडे एका एकरापेक्षाही लहान होते.

हे चार आकडे म्हणजेच त्या गावातील कुणब्यांच्या घराण्यांचा इतिहास होय. तो वाचण्यासाठी एक घर कल्पावे. १७७१ साली चाळीस एकर कसणारा एक कर्ता पुरुष आहे. त्याच्या पश्चात दोन मुलगे वेगळे झाले, की वीस-वीस एकर. त्यांच्या मुलांची पुन्हा वाटणी झाली, की दहा-दहा. पण वाटणी केवळ एकरांची होत नाही. पाटाजवळची जमीन एकाला आणि खडकाळ माळ दुसऱ्याला, असे कोणीच मान्य करीत नाही. म्हणून प्रत्येक भाऊ प्रत्येक शेतात आपला हिस्सा मागतो. एका शेताच्या दोन पट्ट्या होतात, दोनांच्या चार होतात. विहीर तर फोडता येत नाही. मग तिच्या पाळ्या वाटल्या जातात, आणि सोळाव्या हिश्श्याचा मालक सोळा दिवसांतून एकदा मोट धरतो. बांधावरच्या आंब्याची फळेही हिश्श्यांनी मोजली जातात. ज्या भावकीत लग्नाची पंगत एकत्र बसते, त्याच भावकीत बांध कोरल्याचा दावा तीस वर्षे चालतो. याला स्वभावदोष म्हणून चालणार नाही. सात एकरांत चौघांचे पोट भरायचे असेल, तर वीतभर बांधालाही किंमत येते.

या आकड्यांत एक गोष्ट अशी आहे, की ती कार्यकर्त्यांना तितकीशी रुचणार नाही. शेतकऱ्याच्या दैन्याचा सारा दोष परकी राज्यावर टाकण्याची सवय लागलेली आहे. परंतु चाळीस एकरांचे साडेसतरा एकर झाले ते इंग्रज येण्यापूर्वी. निम्म्याहून अधिक घट पेशवाईच्या अखेरच्या सत्तेचाळीस वर्षांत झाली. त्याच काळात, १८०२ साली, होळकरांच्या स्वारीने पुणे प्रांत उद्ध्वस्त झाला आणि पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला. तेव्हा स्वराज्यात शेतकरी सुखी होता आणि परराज्यात तो नागवला गेला, असा सोपा इतिहास पिंपळे सौदागरचे कागद सांगत नाहीत.

म्हणून परकी राज्य निर्दोष ठरते, असेही नव्हे. वारसांमधील वाटणी ही काही हिंदुस्थानची मिरास नाही. घरातल्या दुसऱ्या-तिसऱ्या मुलाला शेतीबाहेर काम मिळत असेल, तर वाटणीचा चटका बसत नाही. प्रश्न असा आहे, की ते काम कोठे होते? हस्तव्यवसाय बुडाले, आणि त्यांच्या जागी कारखाने उभे राहण्यास शंभर वर्षे लागली. मॅन यांनी पिंपळे सौदागरच्या १०३ कुटुंबांचा जमाखर्च मांडला. केवळ जमिनीवर ज्यांचे नीट भागत होते, अशी कुटुंबे निघाली ८. जमीन आणि बाहेरची मजुरी मिळून ज्यांचे भागत होते, अशी २८. उरलेल्या ६७ कुटुंबांचे कशानेच भागत नव्हते. या २८ कुटुंबांना तारले ते शेतीने नव्हे. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना आणि लष्करी छावणी जवळ होती, तेथील रोजगाराने तारले. जातेगाव बुद्रुक शहरापासून दूर होते. तेथे असा आधार नव्हता. त्या गावात ज्यांचे भागत नाही अशा कुटुंबांचे प्रमाण शेकडा ८५ निघाले. शेतकऱ्याचे घर शेतीबाहेरच्या पैशावर उभे असते, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झाली होती.

आता थोडे मागे जाऊन कागदांच्या भाषेकडे पाहणे उचित होईल. दख्खनच्या गावातील जमीन पूर्वी थळांत विभागलेली असे आणि थळाला घराण्याचे नाव असे. त्याची नोंद ज्या कागदात होई, त्याला थळझाडा म्हणत. ज्याचे थळ तो मिरासदार. बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. आणि ज्या घराण्यात कोणी उरले नाही, त्याची जमीन म्हणजे गतकुळ. या एका शब्दात केवढा इतिहास साठलेला आहे! दुष्काळ, पटकी, लढाई किंवा परागंदा होणे, काहीही कारण असो, एक संपूर्ण घर नाहीसे झाले आणि कागदावर शेताच्या नावापुढे एक शब्द उरला. गावोगावच्या या गतकुळांची यादी कोणी करील, तर तो महाराष्ट्राच्या शेतकऱ्यांचा पहिला कुलवृत्तान्त ठरेल.

स्वतःच्या घराण्याचा इतिहास ठाऊक असलेला आणि त्यातून समाजाचा इतिहास वाचणारा एक शेतकरी पुण्यात होऊन गेला. त्याचे नाव जोतीराव फुले. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, गोऱ्हे आडनावाचे. तेथून ते पुरंदर तालुक्यातील खानवडीस आले. आजोबा शेटीबा यांचे मुलगे राणोजी, कृष्णा आणि गोविंद हे पुण्यात फुलांच्या धंद्यात स्थिरावले आणि त्यावरून फुले हे आडनाव रूढ झाले. पेशव्यांकडून या घराण्याला ३५ एकर जमीन इनाम मिळाली. पण थोरल्या भावाने ती एकट्याच्या नावे करून घेतली आणि धाकटे दोघे उघडे पडले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे ज्याला आज घरोघरचा तंटा म्हणतात, तो फुल्यांच्या घरातही होऊन गेला होता. स्थलांतर, आडनाव बदलणे, इनाम आणि भाऊबंदकी हे सारे तीन पिढ्यांत.

जोतीराव स्वतः ठेकेदार होते, व्यापारी होते आणि मांजरीस त्यांची शेती होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी आपले निवेदन ठेवले, तेव्हा व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य अशी आपली ओळख दिली. पुढच्याच वर्षी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून झाला. शेतकरी कर्जात का बुडतो, याचे कारण त्यांनी त्याच्या आळसात किंवा लग्नखर्चात शोधले नाही. धाऱ्याची वाढ, जंगलखात्याने बंद केलेली कुरणे, घटलेली गुरे आणि घरातील मुलाला न मिळालेले शिक्षण या साखळीत त्यांनी ते शोधले. हा ग्रंथ म्हणजे एका अर्थाने हजारो कुणबी घराण्यांची एकत्र लिहिलेली कैफियत आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधू’ने त्यातील प्रारंभीची प्रकरणे छापली आणि पुढची छापण्याचे थांबवले. आपल्याच चळवळीतील पत्राला शेतकऱ्याचा इतिहास तिखट वाटला, ही गोष्ट प्रत्येक पक्षीय संपादकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

जोतीरावांनी १८७३ सालची ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना मुक्त केले त्यांना अर्पण केली होती. त्या अमेरिकेच्या यादवी युद्धाचा पुणे जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घराशी फार निकटचा संबंध आहे. युद्ध चालू असताना, १८६२ साली, अमेरिकेच्या सरकारने वसाहतीचा कायदा केला. पाच वर्षे राहून जमीन कसील त्याला १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळू लागली. पश्चिमेकडील प्रांतांत हजारो कुटुंबांचा शेतकरी म्हणून इतिहास त्या कागदापासून सुरू होतो. आयोवा संस्थानात तर एकाच घराण्याकडे शंभर वर्षे राहिलेल्या शेतीचा १९७६ सालापासून शासन जाहीर गौरव करते. अर्थात ही जमीन रिकामी पडलेली नव्हती. १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धानंतर आयोवातील मूळ रहिवाशांकडून ती हिसकावून घेतली होती. त्यांच्या गतकुळांची नोंद कोणत्याही गौरवपत्रात नसते.

त्याच युद्धामुळे तेथील कापूस बंद पडला आणि मुंबई इलाख्यात कापसाचे भाव चढले. पैसा सैल झाला. सावकार आपण होऊन कर्ज देऊ लागला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, आणि लागलीच फेरमोजणीने धारा वाढला. विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात जी तीस वर्षांची धाराबंदी घालून दिली होती, तिची मुदत नेमकी याच वेळी संपली. १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खते आणि रोखे जाळले. मग तो वणवा पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. या उठावाचे वैशिष्ट्य असे, की माणसांना इजा फार थोडी झाली. रोख कागदावर होता. शेतकऱ्याला लिहिता-वाचता येत नव्हते, पण आपल्या घराण्याचा इतिहास कोणाच्या वहीत कैद आहे, हे त्याला नेमके ठाऊक होते.

१८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्यात एक तरतूद मोठी अर्थपूर्ण होती. खतावरचा आकडा जसाच्या तसा खरा न मानता त्या कर्जाचा मुळापासूनचा इतिहास तपासण्याचा अधिकार आणि जबाबदारी कोर्टावर टाकण्यात आली. बापाने घेतलेल्या कर्जाला मुलाने किती वेळा नवे खत करून दिले, त्यात व्याजाचे मुद्दल कितीदा झाले, हे पाहिल्यावाचून न्याय होऊ शकत नाही, हे कायद्याने मान्य केले. शेतकऱ्याच्या प्रश्नात घराण्याचा इतिहास हा पुरावा असतो, ही गोष्ट इंग्रज सरकारला दंगा झाल्यावर कळली.

अमेरिकेतील आणि दख्खनमधील शेतकरी घराण्यांचा पुढचा प्रवास परस्परविरुद्ध दिशांनी झाला. तेथे १९३५ च्या सुमारास ६८ लाख शेते होती. २०२२ च्या कृषिगणनेत ती १९ लाखांवर आली आणि सरासरी शेत ४६३ एकरांचे झाले. यंत्र आले, कर्ज आले, आणि विशेषतः १९८० नंतरच्या मंदीत अनेक घराणी लिलावात निघाली. एक टिकला तो तिघांची जमीन घेऊन. इकडे महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते. ते २०१५-१६ साली १.३४ हेक्टर झाले. तेथे शेजारी नाहीसा झाला आणि शेत वाढले. येथे सर्व भाऊ राहिले आणि शेत नाहीसे झाले. मार्ग दोन, पण दोन्हीकडे शेतमालाचा भाव ठरवण्याची सत्ता शेतकऱ्याच्या हाती नाही. म्हणून मोठे शेत हाच उपाय, असे जे सांगितले जाते, ते पुरते सत्य नव्हे.

आता आजच्या कागदाकडे वळावे लागेल. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली. तिच्यातूनच आजचा सातबारा, म्हणजे गाव नमुना सात आणि बारा, सिद्ध झाला. सातबारा हा शेतकऱ्याचा जन्माचा दाखला असे म्हणतात. पण घराण्याचा इतिहास सातबाऱ्यावर नसतो. तो फेरफाराच्या वहीत असतो. ‘अमुक मयत झाल्याने वारसांची नावे दाखल’ अशा दोन ओळींत एकेक पिढी संपते. थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे येतात; त्यांचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्या तीन अक्षरांच्या आड धाकटे भाऊ, विधवा भावजया आणि बहिणी झाकल्या जातात. पुढे कोणीतरी ती अक्षरे गाळून उतारा लिहितो, आणि मॅनेजर होता तो मालक होतो. फुल्यांच्या घरात जे इनामाच्या सनदेने झाले, ते पुढे असंख्य घरांत तीन अक्षरांनी झाले आहे.

या कागदात तीन प्रकारची माणसे दिसत नाहीत, किंवा दिसून न दिसल्यासारखी होतात. पहिले कूळ. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारा कायद्याने मालक झाला. परंतु १९४८ च्या कूळकायद्यानंतर मधल्या काळात काय घडले, हे गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांच्या पाहणीने १९५७ सालीच दाखवून दिले. कुळांनी जमिनी ‘राजीखुशीने’ परत केल्याच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर आढळल्या. भाकरी देणारी जमीन इतक्या जणांनी राजीखुशीने सोडली, यावर फक्त कागदच विश्वास ठेवू शकतो. दुसरे वतनदार महार. गावाची रात्रंदिन चाकरी करण्याच्या बदल्यात मिळालेली तुटपुंजी जमीन हेच त्या घराण्यांचे शेतकरीपण. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडले. वतने रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला, आणि जमीन परत मिळाली तीही नजराणा भरून, नव्या शर्तीने. ज्यांच्याकडे तीही नव्हती, त्या मजुरांच्या घराण्याचा तर कोणत्याच नमुन्यात उल्लेख नाही. १९७२ च्या दुष्काळात मात्र बागाईतदाराची सून आणि मजुराची सून एकाच कामावर खडी फोडत होत्या. रोजगार हमीचा हजेरीपट हा बहुधा पहिला सरकारी कागद, ज्यावर दोघींची नावे एकाच यादीत लागली.

तिसरी आणि सर्वांत मोठी अनुपस्थिती बाईची. पेरणी सोडली तर खुरपणी, वेचणी, मळणी, गुरे आणि घर हे सारे तिच्या अंगावर. पण सातबाऱ्यावर ती येते ती नवरा मेल्यावर. १९९४ साली महाराष्ट्राने, आणि २००५ साली संसदेने, मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाबरोबर जन्मतः हक्क दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातील उरलीसुरली शंका दूर केली. कायदा झाला, आणि गावोगाव त्यावर उतारा म्हणून हक्कसोडपत्र पुढे आले. बहिणीला माहेरी बोलवावे, साडीचोळी करावी आणि कागदावर सही घ्यावी. सही दिली नाही तर माहेर तुटते. दिली तर हक्क तुटतो. दिवाळीच्या भाऊबिजेला ओवाळणारी बहीण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा उमटवते, आणि तिचे नाव घराण्याच्या इतिहासातून कायदेशीरपणे पुसले जाते.

हा प्रश्न आज पुण्याच्या परिसरात ऐरणीवर आहे. ज्या पिंपळे सौदागरचा अभ्यास मॅन यांनी केला, ते आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचा भाग आहे. सात एकरांच्या जागी आता गुंठ्यांत बोलतात आणि चौरस फुटांत मोजतात. इतक्या पिढ्या जमीन घराण्याला पुरत नव्हती. अकस्मात तिला असा भाव आला, की ती विकणे हाच व्यवहार ठरला. पैसा आला, गाडी आली, बंगला आला, आणि ‘गुंठामंत्री’ हा कुचेष्टेचा शब्दही आला. शहरातील सुशिक्षितांनी या शब्दावर पुष्कळ करमणूक करून घेतली. पण ज्याच्या पणजोबाने सोळा दिवसांतून एकदा मोट धरली, त्याने पहिल्यांदाच हाती आलेला पैसा कसा खर्चावा हे त्याला कोणी शिकवले होते? आणि तो पैसा संपल्यावर त्याचा मुलगा, आपल्याच शेतावर उभ्या राहिलेल्या इमारतीच्या फाटकाशी पहारेकरी म्हणून बसला, तर त्याचे हसू कोणाला येईल?

निराळा मार्गही याच शहरात दिसला. हडपसरच्या मगरपट्ट्यातील सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेच्या वर एकर जमीन बिल्डरला न विकता एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले. जमीन गेली तरी मालकी उरली. सहकाराच्या विचाराला हे दृश्य उत्साह देणारे आहे. तरीही एक प्रश्न राहतो. भाग जमिनीच्या प्रमाणात मिळत असतील, तर ज्यांनी त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या मजुरी केली, त्यांचा भाग कोणता? आणि ज्यांनी हक्कसोडपत्रे दिली, त्या बहिणींचा कोणता? समाजवादी म्हणवणाऱ्याने शेतकऱ्याची बाजू घ्यावीच. परंतु ‘शेतकरी’ या शब्दात कोण कोण येते, हे आधी मोजून घ्यावे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी करावयाचे काम साधे आहे. प्रत्येकाने एका गावातील एका घराण्याचा चार पिढ्यांचा इतिहास लिहावा. तलाठ्याकडून फेरफाराच्या नोंदी, जुनी कडईपत्रके आणि आठ-अ चे उतारे घ्यावेत. पण तेथे थांबू नये. घरातील सर्वांत वृद्ध बाईजवळ बसावे. विहीर कोणत्या साली खणली आणि कोणी खणली, कोणत्या लग्नाला कोणता तुकडा गहाण पडला, दुष्काळात कोण मुंबईस गिरणीत गेला, कोणती मुलगी दिली आणि परत आली, हे तिला विचारावे. तिच्या उत्तरांत सालांऐवजी बाळंतपणे आणि बैलांची नावे येतील. साले फेरफारावरून लावता येतात. मग त्याच शेतावर राबणाऱ्या मजुराच्या घरी जावे आणि तोच इतिहास त्या बाजूने पुन्हा लिहावा. दोन्ही हकीगती जुळणार नाहीत. न जुळणारा भाग विशेष काळजीने लिहावा. त्या गावातील खरा प्रश्न बहुधा तेथेच सापडेल.

हा इतिहास लिहून झाल्यावर तो गावात, त्या घराच्या ओसरीवर, मोठ्याने वाचून दाखवावा. वाचताना लेकीबाळींना बोलवावे. आपल्या नावाची जागा कोठे रिकामी आहे हे स्वतःच्या कानांनी ऐकलेली मुलगी पुढच्या वेळी सही करण्यापूर्वी कागद वाचून पाहील. मोर्चे आणि ठराव आपल्या जागी आहेत. परंतु १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्याला आपल्याविरुद्ध लिहिलेला कागद जाळण्यापलीकडे काही करता आले नव्हते. त्याच्या पणतूला, आणि पणतीलाही, आज तो वाचता येतो. तो वाचून दुरुस्त करून घेणे, हे त्या दोघांच्या हाती आहे. त्या कामी त्यांच्या शेजारी बसण्याचे काम कार्यकर्त्यांचे.